घरट्याखाली नको, फळझाडाखाली बसू : पक्षीसहली नेणाऱ्यांना आणि जाणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पूर्व हिमालयात पक्षीसहली नेणारे आयोजक
आणि त्यांच्याबरोबर कॅमेरे घेऊन जाणारे सर्व मराठी पक्षीमित्र

सप्रेम नमस्कार.

गणपती उरकले की पुढच्या हंगामाच्या सहलींचे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. लाटपंचार, ईगलनेस्ट, मिश्मी टेकड्या, नामदाफा, भूतान. तारखा, मुक्काम, गाडीची सोय आणि तळाला ‘टार्गेट’ पक्ष्यांची यादी. त्या यादीत तांबड्या मानेचा धनेश, म्हणजे आपण सगळे ज्याला रूफस-नेक्ड हॉर्नबिल म्हणतो तो, पहिल्या दोन-तिनांत असतोच. हल्ली त्याच्यापुढे ‘घरट्यावर खात्रीशीर फोटो’ असं आश्वासनही छापलेलं दिसतं. सहल मार्च, एप्रिल नाहीतर मे महिन्यातली असते. तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात, रजा मिळते, आणि नेमकी तेव्हाच या पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसलेली असते.

माझं मागणं सरळ आहे. ही खात्री विकणं थांबवा. या धनेशाची वीण चालू असताना, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, त्याच्या घरट्यापाशी कुणालाही नेऊ नका. आणि आपण जे पैसे भरून जातो, त्यांनीही ‘घरटं दाखवा’ असा हट्ट धरू नये. पक्षी जरूर पाहू या. पण तो फळाला आलेल्या झाडावर पाहू या.

ढोलीच्या आत काय चालतं हे आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून माहीत असतं. घरट्याखाली कॅमेऱ्याची तिपाई लावून उभं राहिलं की मात्र ते डोक्यातून जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धनेशाला ढोली कोरता येत नाही. जुन्या, दांडग्या झाडाच्या खोडात फांदी मोडून, कुजून किंवा सुतारपक्ष्यांनी टोचून जी पोकळी तयार होते, तीच त्याला शोधावी लागते. चार फूट लांबीचा, अडीच किलोच्या आसपास वजनाचा पक्षी आत मावेल, मादी आत वळू शकेल आणि तोंड मात्र अरुंद असेल, अशी ढोली अख्ख्या डोंगरउतारावर एखादीच सापडते. म्हणूनच जोडी त्याच ढोलीकडे वर्षानुवर्षं परतते. मादी आत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा गर, चिखल वापरून तोंड लिंपून घेते. उभी एक फट उरते, चोचीचं टोक आत-बाहेर होईल एवढी. आत ती एखाददुसरं अंडं घालते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू वाढतं. याच काळात ती आपली पिसंही झडवते, म्हणजे मनात आलं तरी तिला उडून जाता येत नाही. पुढचे चार महिने, थोडे कमी-जास्त, तिचा आणि पिल्लाचा प्रत्येक घास नराच्या चोचीतून येतो. एका नरावर दोन जीव. तो वेळेत आला नाही तर आतल्यांना दुसरा कुणी वाली नाही.

नर जवळून पाहिला असेल त्यांना तो विसरता येणार नाही. डोकं, मान आणि छाती तांब्यासारखी रसरशीत, डोळ्याभोवती निळी कातडी, गळ्याला लालभडक पिशवी, पाठ आणि पंख काळे, शेपटीचा अर्धा भाग पांढरा. वरच्या चोचीच्या मुळाशी तिरक्या काळ्या रेघा असतात आणि वयाबरोबर त्या वाढत जातात. मादी पूर्ण काळी, गळा लाल. फळं गळ्यात साठवून आणायची आणि फटीशी बसून एकेक वर काढून मादीला द्यायची, ही त्याची पद्धत. त्याच्या येण्याची चाहूल डोळ्यांआधी कानांना लागते, कारण धनेशाच्या पंखांतून वारा फुसफुसत जातो आणि तो आवाज दरीपलीकडूनही ऐकू येतो.

एका एप्रिलात पूर्व हिमालयातल्या एका गावी मी उतरले होते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर या पत्रावरूनही कुणीतरी तिथली ढोली शोधत जाईल. मुक्कामाच्या घराच्या अंगणातून समोरचा उतार दिसत असे आणि दुर्बिणीतून ढोलीचं झाडही. सकाळी उजाडायच्या आतच तिथे माणसं जमू लागली. आपलीच माणसं, कारण दरीतून येणाऱ्या बोलण्यात मराठी स्पष्ट कळत होतं. तिपायांची रांग लागली. ढोलीसमोरच्या झाडाच्या दोन-तीन फांद्या नुकत्या छाटलेल्या दिसत होत्या. कापलेला भाग अजून पांढरा होता. फ्रेममध्ये पानं यायला नकोत म्हणून.

थोड्या वेळाने पंखांचा आवाज आला. नर ओढ्यापलीकडच्या वाळक्या झाडावर उतरला. गळा फळांनी तट्ट फुगलेला. त्याने खाली पाहिलं, मान तिरकी केली, एक फांदी पुढे आला. तेवढ्यात शटरांची सर सुटली. कुणीतरी तिपाई उचलून दुसरीकडे नेली. तो जागच्या जागी वळला, मागच्या फांदीवर गेला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. मग गळ्यातली फळं तशीच घेऊन दरीत उतरून गेला. हे त्या सकाळी पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. गटाला वाट दाखवणारा स्थानिक दाजू (नेपाळीत थोरला भाऊ; तिथल्या गाइडना सगळे असंच म्हणतात) हात जोडून सांगत होता, “सर, थोडा पीछे बैठिए, तब आएगा.” त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. दुपारी मंडळी जेवायला परतली, उतार रिकामा झाला. नर आला, फटीशी चिकटून बसला आणि एकेक फळ वर काढून आत देऊ लागला. चोचीच्या टोकात धरलेलं फळ क्षणभर दिसायचं, आतून काळी चोच पुढे यायची आणि फळ नाहीसं व्हायचं. सकाळभराची भूक त्या ढोलीत साठली होती.

आता कुणी म्हणेल, एका सकाळी काय होतं? एका सकाळी कदाचित काही होत नसेल. पण हंगामात त्या उतारावर सकाळ तुमची एकट्याची नसते. एक गट निघाला की दुसरा येतो. पुण्याचा गेला की कोलकात्याचा, त्याच्यामागे बंगळुरूचा. हंगामाच्या सुरुवातीला, मादी ढोली निवडत असते किंवा तोंड लिंपत असते, तेव्हा तर धनेश फारच बुजरा असतो. त्या वेळी वर्दळ झाली तर जोडी ती ढोली सोडून देऊ शकते, आणि त्या वर्षी पिल्लू होतच नाही. छाटलेल्या फांद्यांचा परिणाम याहून वाईट. झाकलेली ढोली उघडी पडते आणि मार्टेनसारख्या, झाडावर सरसर चढणाऱ्या शिकाऱ्याला तिची वाट मोकळी होते. ज्या पक्ष्याला वर्षाला जेमतेम एक पिल्लू होतं, त्याच्या बाबतीत एक फसलेली वीण हे फार मोठं नुकसान आहे.

मुळात हा पक्षी किती उरला आहे? जगभरात मिळून दहा हजारांहून कमी प्रौढ पक्षी असावेत असा आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेचा अंदाज आहे, आणि तेही घटत चाललेले. त्यांच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) गटात धरला जातो. १८२९ मध्ये ब्रायन हॉजसनने नेपाळमधल्या पक्ष्यावरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आज नेपाळमधून तो नामशेष झाला आहे. उरला आहे तो भूतान, आपला ईशान्य भाग आणि उत्तर बंगालचे डोंगर, म्यानमार, दक्षिण चीन, थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम एवढ्या पट्ट्यात, तुकड्यातुकड्यांनी. शिकार आणि जंगलतोड ही त्याच्या घटीची मुख्य कारणं. डोंगर कापून होणारे रस्ते आणि धरणांचे प्रकल्प हे त्यात नव्याने पडलेले. हे मी लपवत नाही. तुमच्या कॅमेऱ्यांनी हा पक्षी संपेल असं माझं म्हणणं नाही. पण रस्त्याचा निर्णय दिल्लीत किंवा इटानगरला होतो, आणि घरट्याखाली उभं राहायचं की नाही हा निर्णय पुण्या-मुंबईत, तुमच्या आणि माझ्या फोनवर होतो. म्हणून पत्र तुम्हाला.

या पक्ष्याचं जंगल साधारण ६०० ते १,८०० मीटर उंचीवरचं. बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा पहिल्यांदा ज्या उतारांना धडकते, ते हे उतार. वर्षातले कित्येक महिने ढग झाडांत अडकलेले असतात, आंबोलीला ऐन पावसाळ्यात असतात तसे. खोडाचा इंचभरही भाग उघडा दिसत नाही, शेवाळ, नेचे आणि आमरी यांनी ती नखशिखान्त झाकलेली असतात. पाऊस थांबला तरी झाडाखाली टपटप चालूच. या जंगलात दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली, जायफळाच्या कुळातली, कडुनिंबाच्या कुळातली कितीतरी झाडं आहेत, आणि त्यांच्या फळांत भली मोठी बी असते. बुलबुल किंवा तांबट ते फळ टोचतील, पण बी गिळून दूर नेण्याएवढा त्यांचा जबडा नाही. ते काम धनेशाचं, आणि थोडंफार मोठ्या रानकबुतरांचं. धनेश फळ अख्खं गिळतो, उडत उडत दुसऱ्या डोंगरावर जातो आणि बी धडधाकट खाली टाकतो.

हे नुसतं कौतुकाने सांगत नाही. धनेशांचे अभ्यासक रोहित नानीवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरुणाचलातल्या नामदाफाच्या जंगलात हे मोजून पाहिलं. जिथे शिकार आणि तोड झाल्यामुळे धनेश कमी उरले होते, तिथे मोठ्या बियांच्या झाडांच्या बिया जमिनीवर कमी पोहोचत होत्या आणि रोपंही वेगळ्याच प्रमाणात उगवत होती. त्यांचा शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा साधा अर्थ असा की आज डोळ्यांना हिरवंगार दिसणारं जंगलही धनेशाविना पन्नास-शंभर वर्षांनी तेच जंगल राहणार नाही. एका ढोलीतलं एक पिल्लू वाचवायची धडपड म्हणून हे पाहू नका. त्या पिल्लाच्या पोटातून उद्याची झाडं जायची आहेत.

कायद्याबद्दल दोन वाक्यं, कारण सहलीच्या कागदांवर ती कुणी लिहीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा धनेश पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-हत्तींच्या पंक्तीत. आणि त्याच कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणंही मोडतं. ढोलीसमोरची फांदी छाटणारा माणूस बंदूक घेऊन गेला नव्हता, हे खरं. कायद्याने मात्र त्याची गणना कुठे होऊ शकते, ते आयोजकांनी एकदा वकिलाला विचारून घ्यावं.

आता त्या दाजूंकडे येऊ. घरट्यांचा विषय निघाला की आपल्याकडे चटकन बोट स्थानिक गाइडकडे जातं. “तेच नेतात हो, आम्ही काय करणार?” हे मला मान्य नाही. लाटपंचारसारख्या गावाचं उदाहरण घ्या. उत्तर बंगालमधल्या महानंदा अभयारण्याच्या माथ्यावरचं गाव, ब्रिटिश अमदानीत सुरू झालेल्या सिंकोना लागवडीच्या मुलखातलं. सिलिगुडीहून कालीझोऱ्यापर्यंत तिस्तेच्या काठाने जायचं आणि तिथून घाट चढायचा. क्विनाईनचा जमाना कधीच सरला. आज तिथल्या अनेक घरांचा संसार पाहुण्यांच्या दोन खोल्यांवर आणि पक्षी दाखवण्यावर चालतो. अशा गावातला गाइड तुम्हाला ‘नाही’ कसं म्हणेल? तुम्ही जाताना देणार असलेली बक्षिशी आणि पुढच्या वर्षी पाठवणार असलेले दोन गट यांच्यावर त्याच्या मुलांची फी ठरते. पंधराशे मैलांवरून आलेले साहेब म्हणतात घरट्यावर ने, तर तो नेतो. त्याला ‘नाही’ म्हणायची मुभा आपणच द्यायला हवी, आणि ती पैशांसकट द्यायला हवी. ‘घरटं दाखवू नकोस, तरीही तुझा रोज तेवढाच राहील’, हे त्याला सहलीच्या आधीच फोनवर सांगितलं पाहिजे. उतारावर पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही.

असं होऊ शकतं याचा दाखला अरुणाचलातच आहे. पक्के व्याघ्रप्रकल्पाच्या कडेच्या गावांत २०११-१२ च्या सुमारास धनेशाची घरटी दत्तक देण्याचा उपक्रम सुरू झाला. तिथल्या न्यीशी जमातीच्या गावबुऱ्यांची, म्हणजे गावप्रमुखांची, घोरा-आबे सोसायटी, वनखातं आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन यांचा तो एकत्र उपक्रम. शहरातली माणसं पैसे देतात, त्या पैशांवर गावातले तरुण घरट्यांचे राखणदार म्हणून काम करतात. त्यांच्यातले काही पूर्वी स्वतः शिकार करायचे. राखण मुख्यतः सखल भागातल्या महाधनेशासारख्या भाईबंदांची चालते, पण तत्त्व तेच. पैसे देणाऱ्याला घरट्याखाली उभं राहायला मिळत नाही. त्याला मिळतो अहवाल : ढोली लिंपली, नर येतोय, पिल्लू उडालं. मला वाटतं, एखाद्या घरट्यावर आपला याहून जास्त हक्क नाही.

मग पाहायचं कसं? हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण यात आपण काही गमावत नाही.

धनेश फळांवर जगतो. तेव्हा जंगलातलं कुठलं झाड फळाला आलंय हे ज्याला कळलं, त्याला धनेश कळला. तिथल्या गाइडना हे अचूक ठाऊक असतं. कुठल्या वळणावरचा रानउंबर पिकलाय, कुठल्या ओढ्याकाठी दालचिनीच्या जातीतल्या झाडाखाली बियांचा सडा पडलाय, हे ते न पाहता सांगतात. वड-पिंपळ-उंबराच्या जातीची झाडं ठरावीक ऋतू पाळत नाहीत, जंगलात कुठे ना कुठे एखादं पिकलेलं असतंच. थंडीत धनेशांचा मुख्य आधार तीच. अशा झाडापासून अंतर राखून, झुडपाच्या आडोशाने, पहाटे जाऊन बसायचं. दोन तास काही होत नाही. मग पहिल्यांदा मोठा तांबट येतो, त्याच्या हाकेने अख्खी दरी भरते. हरोळ्या येतात, पानांच्याच रंगाच्या, फांदी हलली तरच दिसणाऱ्या. हिमालयी काळे बुलबुल गोंगाट करत उतरतात. वरच्या फांद्यांत काळी-पिवळी मोठी खार शेपूट लोंबकळत ठेवून फळं कुरतडत असते. आणि मग तो फुसफुसणारा आवाज. धनेश फांदीवर उतरतो तेव्हा फांदी खाली वाकते. तो चोचीच्या टोकाने एक फळ खुडतो, मान किंचित मागे टाकतो, फळ हवेत उडवतो आणि झेलून गिळतो. एवढ्या अवजड चोचीने केलेलं एवढं नाजूक काम मी दुसरं पाहिलेलं नाही. कुणाची भीती नसली की तो त्या झाडावर बराच वेळ राहतो, पिसं साफ करतो, चोच फांदीवर घासतो. घरट्यावरच्या फोटोत हे काहीच मिळत नाही. तिथे सगळ्यांचा फोटो एकच : खोड, फट आणि बाजूला लटकलेला नर.

आणखी एक साधी गोष्ट. विणीच्या काळात गेलात तर दिसतो फक्त नर. मादी आत असते. काळ्याभोर अंगाची, लाल गळ्याची ती मादी नराच्या शेजारी बसलेली पाहायची असेल, तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. आपल्याकडे तेव्हा दिवाळीची सुट्टी असते, नाताळची असते. आकाश निवळलेलं असतं, दार्जिलिंगच्या बाजूला असाल तर कांचनजंगा दिसतं, जळवांचा त्रास नसतो. मार्च-एप्रिलमध्ये इतर पक्ष्यांसाठी सहल काढायचीच असेल तर जरूर काढा, मीही जाते. फक्त ढोलीचा उतार वाटेतून वगळा आणि फळझाडापाशीही नराला खाऊ द्या, त्याच्या मागे धावू नका. तो जे खातोय त्यातलं निम्मं त्याचं नसतं.

माझ्याशी या विषयावर बोललेल्या आयोजकांनी जे मुद्दे मांडले, त्यांनाही उत्तर दिलं पाहिजे. ‘फोटोंमुळे लोकांत जागृती होते’, हे एकाचं म्हणणं. जागृती होते, मान्य. पण या पक्ष्याचे घरट्यावरचे फोटो आज इंटरनेटवर पोत्याने पडलेत, आणखी एकाने काय नवी जागृती होणार? उलट प्रत्येक नवा फोटो ‘मलाही हाच हवा’ म्हणणारे आणखी दहाजण तयार करतो. ‘त्या नराला आता माणसांची सवय झालीय’, हे दुसऱ्याचं. सवय झालेला नर आला तर तुम्हाला तो दिसतो. न आलेल्या नराची, सोडून दिलेल्या ढोलीची नोंद कुणाच्याच मेमरी कार्डावर नसते. आणि सवय झालीच असेल तर त्याला माणसाची भीती न वाटणं हे शिकारीच्या मुलखात त्याच्या हिताचं नाही. ‘आम्ही नेलं नाही तर दुसरे नेतील’, हे तिसऱ्याचं. नेतील. पण महाराष्ट्रातून जाणाऱ्या गटांची संख्या लहान नाही. आपण सगळ्यांनी मिळून एका हंगामात मागणी काढून घेतली, तर त्या उताराची गर्दी तेवढी तरी उतरेल, आणि उरलेल्यांना विचारायला आपल्याला तोंड राहील.

घरी आपण हे पाळतो, म्हणूनच मला आशा आहे. तिलारी-आंबोलीच्या पट्ट्यात महाधनेशाची ढोली सापडली तर जाणती माणसं तिचा ठिकाणा कुणाला सांगत नाहीत. घरट्यांचे फोटो न घेणारे पक्षीगट आपल्याकडे आहेत. घरट्याचा फोटो टाकणाऱ्याला चार शब्द सुनावणारे ज्येष्ठ आपल्याकडे आहेत. मग बागडोगऱ्याला विमान उतरल्यावर हे नियम का गळून पडतात? तिथला धनेश आपल्या गावचा नाही म्हणून?

पुण्यातल्याच एका माणसाचं उदाहरण देते. रमणा आत्रेय हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. अरुणाचलातल्या ईगलनेस्टच्या जंगलात १९९५ मध्ये त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला. पुढे दहा-अकरा वर्षांनी, तो विज्ञानाला नवीनच आहे हे स्पष्ट झालं. नव्या जातीचं वर्णन करताना पक्षी मारून त्याचा नमुना संग्रहालयात ठेवायचा, हा जुना रिवाज. पण तोवर त्यांच्या पाहण्यात आलेले पक्षी होते अवघे १४. त्यांनी पक्षी जाळ्यात धरला, मोजमापं घेतली, फोटो काढले, गळालेली पिसं जपून ठेवली आणि त्याला सोडून दिलं. २००६ मध्ये त्या पिसांच्या आणि नोंदींच्या आधारावर ‘बुगुन लिओसिक्ला’ जगासमोर आला. भारतात नवा पक्षी सापडणं ही किती दुर्मीळ गोष्ट, आणि तरीही हातात आलेला पक्षी त्यांनी जाऊ दिला. ज्यांच्या नावावरून त्या पक्ष्याचं नाव ठेवलं, त्या बुगुन लोकांनी पुढे, २०१७ मध्ये, सिंगचुंग गावालगतचं सुमारे १७ चौरस किलोमीटर जंगल सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून दिलं. एका नव्या पक्ष्याच्या शोधापुढे आपला एक फोटो ती काय चीज आहे?

तेव्हा आयोजकांनो, या हंगामाची माहितीपत्रकं अजून छापून झालेली नसतील, तर एवढं करा. ‘घरट्यावर खात्रीशीर’ ही ओळ काढा आणि तिच्या जागी ‘धनेशाच्या घरट्यावर नेलं जाणार नाही’ असं ठळक लिहा. काही नावं कमी येतील, येऊ द्यात. त्याच गटाच्या शुल्कात गाइडचा पूर्ण रोज आणि एका राखणदाराच्या हंगामाच्या पगारातला वाटा धरा. माणशी पाचशे-हजार रुपयांनी लाखभराच्या सहलीत कुणाला फरक पडत नाही. फळझाडांची सकाळ वेळापत्रकात नाव घालून ठेवा, म्हणजे लोकांना ती मोकळी वेळ वाटणार नाही. आणि कुणी फांदी छाटायला सांगितलीच, तर त्याला त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसवा. त्याने तुमच्याबद्दल वाईट लिहिलं तर आम्ही तुमच्या बाजूने लिहू.

छायाचित्रकार मित्रमैत्रिणींनो, नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकाला एकच प्रश्न विचारा : “घरट्यावर नेणार का?” उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा आयोजक बघा. जुने घरट्यावरचे फोटो असतील तर त्यांच्यासोबतचा गावाचा आणि उताराचा पत्ता काढून टाका. धनेश दिसला की ‘हॉर्नबिल वॉच’ या धनेशांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर करा, अभ्यासकांना ती लागते. घरट्याची माहिती मात्र तिथल्या वनखात्याला आणि राखणदाराला सांगा, फेसबुकला नको.

या पत्राखाली आपलं नाव जोडू इच्छिणाऱ्या आयोजकांनी कळवावं. घरट्यावर न नेणाऱ्यांची यादी दिवाळीपूर्वी तयार झाली, तर उन्हाळ्याची नोंदणी करणाऱ्यांना ती हाताशी मिळेल.

आपली,
डोंगरातल्या पक्ष्यांमागे हिंडणारी एक पक्षीमैत्रीण